भानूताईंची वही आणि आमचा सदरा
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आत्ता कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेळ्यांना पाला टाकत असेल. हात थांबवू नका, कान तेवढा इकडं द्या.

घट बसायला बारा दिवस राहिलेत. म्हणजे दसरा तीन आठवड्यांवर आला. दसरा म्हटलं की सगळ्यांना आपट्याची पानं आठवतात, आपल्या बीड जिल्ह्यात मुकादमाचा फोन आधी आठवतो. टोळ्या भरायला लागल्यात. कुणी कोल्हापूरकडं, कुणी सांगली-साताऱ्याकडं, कुणी पार कर्नाटकात जाईल. गाव रिकामं होण्याआधी एक काम उरकायचं आहे, आणि त्यासाठीच आज तुमच्याशी बोलायला बसलोय.

चौथ्या माळेला ग्रामपंचायतीच्या सभागृहात आमच्या सात गटांनी मिळून प्रदर्शन ठेवलंय. यंदाचं हे दुसरं वर्ष. "कशाचं, पापड-लोणच्याचं का?" असं परवा एका भाऊंनी विचारलं. पापड-लोणचं आहेच, ते कुठं जातंय. पण हे प्रदर्शन शिवलेल्या कामाचं आहे. गोधड्या आहेत, झंपर आहेत, शाळेच्या गॅदरिंगला लागतात त्या शिवलेल्या नऊवारी आहेत. आणि एक सदरा आहे. सदऱ्याचं नंतर सांगतो, कारण भांडण त्याच्यावरूनच झालं.

मागच्या वर्षी पहिल्यांदा हे काढलं तेव्हा आमच्यातल्याच एक मावशी म्हणाल्या, "अगं, प्रदर्शन चित्रकारांचं असतं. आपण शिवणाऱ्या. आपल्या चिंध्या भिंतीला टांगून लोकांना काय दाखवायचं?" बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. आम्हालाही लगेच उत्तर सुचलं नाही. घरी गेलो, विचार केला, आणि पुढच्या बैठकीत त्यांना एका बाईची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

ही बाई कोल्हापूरची. ज्या कोल्हापूरच्या फडात आपण ऊस तोडायला जातो, तिथलीच. नाव भानुमती राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रं काढायचे. कोल्हापुरात तेव्हा बाबूराव पेंटर सिनेमे काढत होते, त्यांच्याबरोबरही अण्णासाहेबांनी काम केलेलं. पण भानू लहान असतानाच वडील गेले. घरात सात भावंडं, ही तिसरी. आई शांताबाईंनी सगळ्यांना वाढवलं. नवरा गेल्यावर सात लेकरं वाढवायची म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्या माउलीने पोरीचा चित्रकलेचा हात सोडवला नाही. तिला मुंबईला पाठवलं, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तिथं भानूने सुवर्णपदक मिळवलं.

त्या वेळी मुंबईत चित्रकारांचा एक गट होता, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप नावाचा. १९४७ साली निघालेला. हुसेन, रझा, सूझा ही नावं टीव्हीवर कधी ना कधी ऐकली असतील, करोडोंना चित्रं विकली जातात ती हीच मंडळी. त्या गटाच्या १९५३ च्या प्रदर्शनात भानूची चित्रं लागली. सगळे पुरुष, त्यात ही एकटी बाई. वय चोवीस.

आता इथं गोष्ट वळण घेते. चित्रं भिंतीवर लागली, नाव झालं, पण भिंतीवरच्या चित्राने चूल पेटेलच असं नाही. भानू शिकत असतानाच बायकांच्या इंग्रजी मासिकांसाठी चित्रं काढायची. 'फॅशन अँड ब्यूटी' आणि 'ईव्ह्ज वीकली' ही त्यांची नावं. आज मोबाइलवर नवीन गळा, नवीन बाही बघतो तसं तेव्हा बायका मासिकात बघायच्या. फोटो कमी असायचे, हाताने काढलेली चित्रं जास्त. साडीचा पदर कसा पडतो, बाही कुठं संपते, पोलक्याला चुण्या कुठं, हे सगळं ही पोरगी रेघांनी दाखवायची. पुढं 'ईव्ह्ज वीकली'च्या संपादक बाईंनी कपड्यांचं दुकान काढलं आणि हिला म्हणाल्या, कागदावर काढतेस ते कापडात करून बघ. हिने करून बघितलं. दुकानात सिनेमातल्या नट्या यायला लागल्या. कामिनी कौशल आल्या, नर्गिस आल्या. तिथून ती सिनेमाच्या कपडेपटात शिरली. लग्नानंतर तिचं नाव झालं भानू अथय्या. आम्ही भानूताई म्हणतो. आमच्या बैठकीत आता त्यांचं नाव असं निघतं की जणू शेजारच्या वस्तीवर राहतात.

एक सांगितलं पाहिजे. भिंतीवर लावायची चित्रं त्यांनी हळूहळू सोडली. काही लोक म्हणतात, मोठा चित्रकार हातचा गेला. आम्हाला तसं वाटत नाही, पण काहीच गमावलं नाही असंही म्हणवत नाही. २०२० साली त्या गेल्या, १५ ऑक्टोबरला. त्याच वर्षी लिलावाच्या निमित्ताने त्यांची जुनी चित्रं पुन्हा लोकांसमोर आली, तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की कपडे करणारी ही बाई मुळात चित्रकार होती. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं एक हात झाकलेला राहिला. पण दुसऱ्या बाजूने बघा, तोच हात कपड्यात चाललाच होता. आमच्या मावशींना आम्ही हेच म्हणालो, की शिवणारी वेगळी आणि चित्रकार वेगळी हे कुणी ठरवलं?

'ब्रह्मचारी' सिनेमातली मुमताज आठवा. १९६८ चा सिनेमा. ते नाचाचं गाणं, आणि ती अंगाला चापून बसलेली नारिंगी साडी. वरातीत अजून ते गाणं वाजतं. ती साडी भानूताईंनी शिवून तयार केलेली. नेसलेली साडी अशी नाचताना जागेवर राहत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. मग आम्ही आमच्या मशिनवाल्या मुलींना विचारलं, गॅदरिंगसाठी तुम्ही पोरींना शिवलेली नऊवारी करून देता, आत नाडी, वर निऱ्या पक्क्या, कासोटा शिवलेला, ते काय वेगळं आहे? चौथीतल्या पोरीला नाचताना साडी सुटू नये, एवढीच तर अडचण होती. तीच अडचण मुमताजची. मुली हसल्या, पण त्या दिवसापासून शिवलेल्या नऊवारीचा दर शंभराने वाढवला. आम्ही काही सांगितलं नव्हतं, त्यांनीच वाढवला.

भानूताईंची दुसरी एक गोष्ट आम्हाला फार आवडते. १९६६ च्या 'आम्रपाली' सिनेमात वैजयंतीमालाचे कपडे करायचे होते. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या काळचे कपडे कुणी बघितलेत? त्या अजिंठ्याला गेल्या. आपल्या मराठवाड्यातलं अजिंठा. तिथल्या भिंतींवर बायका आहेत, राण्या आहेत, दासी आहेत. कुणाचं वस्त्र कमरेला कसं बांधलंय, दागिना दंडाला कुठं बसतो, हे बघून, कागदावर उतरवून, मग कापडाला कात्री लावली. आपण अजिंठ्याला सहलीत जातो, चार फोटो काढतो आणि डबा खाऊन येतो.

म्हणून मागच्या श्रावणात आम्ही दहा-बारा जणी बीडला कंकालेश्वराला गेलो. दर्शन झाल्यावर आम्ही म्हटलं, आता पाया पडून झालं, आता बघायचं. देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या बायका आहेत. आठ-नऊशे वर्षांचं देऊळ. लहानपणापासून येतो, पण त्यांच्या कमरेचे पट्टे, गळ्यातले पदर, केसांची बांधणी असं डोळे लावून कधी पाहिलं नव्हतं. एक सून वही घेऊन आलेली. ती खाली बसली आणि पेनाने काढायला लागली. पुजाऱ्यांना वाटलं सरकारी मोजणी चाललीय.

त्या सुनेचंच आता सांगायचं आहे. नाव सांगत नाही, तिने नको म्हटलंय. बारावी झालेली, वय पंचवीस, एक लेकरू अंगावर. लग्नाआधी शिवणक्लास केलेला. लग्न झाल्यापासून दर वर्षी नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते. हिच्या हातात चित्र आहे. भाकरीच्या पिठावरसुद्धा बोटाने झंपरचा गळा काढते, पानगळा, मटका गळा, आणि मग थापते. सासूबाई आधी रागवायच्या, आता बघतात.

मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात तिच्या झंपरांची चित्रं आम्ही दोरीला चिमट्यांनी लावली होती. शाळेच्या वहीची पाठकोरी पानं, त्यावर निळ्या पेनाने काढलेली. बायका जास्त वेळ तिथंच उभ्या राहिल्या. "हे असं मागून शिवून देशील का?" असं विचारत राहिल्या. पण दसरा झाला, ती टोळीबरोबर गेली.

जाताना आम्ही तिला दोनशे पानी वही दिली. भानूताईंचं ऐकून दिली, खरं सांगायचं तर आणखी काय द्यावं ते कळत नव्हतं. म्हटलं, जे दिसेल ते काढ.

पट्टा पडल्यावर ती परत आली तेव्हा वही भरली होती. आम्हाला वाटलं झंपर असतील. झंपर होते, पण थोडे. बाकी पानांवर फडातल्या बायका होत्या. मोळी बांधणारी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी, बांधावर लेकराला पाजणारी. आणि प्रत्येकीच्या अंगात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट.

तुम्ही सगळ्यांनी तो शर्ट घातलाय, निदान पाहिलाय. उसाचं पातं हाताला कापतं, कूस टोचते, म्हणून आपण शर्ट चढवतो. पण तो शर्ट बाप्याच्या मापाचा. तिने वहीत बाणाने दाखवलं होतं. खांदा इथं उतरतो. बाही कोयत्याच्या मुठीवर येते, म्हणून दुमडावी लागते, आणि दुमडली की मनगट उघडं पडतं. छातीवर बटण तुटतं. वाकलं की खिशातले पैसे चिखलात पडतात. टेरिकॉटचा असला की घाम शोषत नाही. आणि लेकराला पाजायचं तर सगळी बटणं उघडा, नाहीतर शर्ट काढा, आणि फडात आडोसा कुठला? पानाखाली तिने लिहिलं होतं, "हा शर्ट आपला नाही." एवढंच.

ती वही बघून बैठकीत कुणी बोललं नाही. मग ज्या मावशी चिंध्या म्हणाल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "मग आपला कसा असतो ते काढ की."

उन्हाळाभर तो सदरा चालला होता. पहिला सदरा फसला. मनगटाला इलास्टिक लावलेलं, घामाने तिथं लाल वळ उठले. दुसऱ्यात इलास्टिक काढून पट्टी आणि बटण लावलं, दोन काज, म्हणजे घट्ट-सैल करता येतं. बाहीला कोपरापासून मनगटापर्यंत दुहेरी कापड, वरचं जुन्या जीनचं. हात वर केला की सदरा वर ओढला जायचा, तर एका म्हाताऱ्या शिंपी आजोबांनी सांगितलं की पूर्वी बंडीच्या बगलेत चौकोनी तुकडा घालत, तो घाला. घातला. हात मोकळा झाला. पाठीला वर चुण्या. कॉलर उभी, मागं उन्हासाठी पडदी. आतल्या बाजूला कमरेपाशी चेनचा खिसा, मोबाइल आणि पैसे बसतील एवढा. आणि छातीवर आडवी पट्टी, तिच्या खाली दोन्ही बाजूंनी उघडता येतं, वरून दिसत नाही, लेकरू पदराखाली पिऊ शकतं. कापड सगळं सुती.

शेवटी ती म्हणाली, पाठीवर नारिंगी पट्टी लावते. विचारलं, कशाला? तर म्हणाली, पहाटे चार वाजता ट्रॅक्टर मागं घेतात तेव्हा अंधारात बाई दिसत नाही. आणि थोडं थांबून म्हणाली, "आणि छान दिसतं."

ते दुसरं कारण आम्हाला पहिल्याइतकंच खरं वाटलं. फॅशन म्हटलं की आपल्याकडं नाक मुरडतात. सुनेने जरा मोठा गळा शिवला की फॅशन, लेकीने केस कापले की फॅशन. फडात जाणाऱ्या बाईला छान दिसावंसं वाटू नये का? उसात काय, आणि वरातीत काय, अंग तिचंच आहे.

भानूताईंना १९८३ साली ऑस्कर मिळालं, हे सांगायचं राहिलंच. 'गांधी' सिनेमासाठी. भारतातल्या कुणालाही मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. जॉन मोलो नावाच्या एका इंग्रज माणसाबरोबर वाटून मिळालं. रिचर्ड ॲटनबरो हे त्या सिनेमाचे दिग्दर्शक, सिनेमासाठी जवळजवळ वीस वर्षं धडपडले. पण कपड्यांसाठी भानूताईच हव्यात हे ठरवायला आपल्याला पंधरा मिनिटं लागली, असं त्यांनीच पुढं सांगितलंय. तो सिनेमा तुम्ही २ ऑक्टोबरला टीव्हीवर पाहिला असेल. त्यात बोलण्याआधी कपडे गोष्ट सांगतात. सुरुवातीला आफ्रिकेत सुटाबुटातला बॅरिस्टर. मग काठेवाडी पागोटं. मग नुसता पंचा. गांधीजींनी खरोखरच १९२१ साली मदुराईत ठरवलं की देशातल्या गरिबाच्या अंगावर असतं तेवढंच घालायचं. म्हणजे काय घालायचं हा प्रश्न हलका नाही, गांधीजींनाही तो पडलेला.

आणि हा सिनेमा झगमगाटाचा नाही, हे ध्यानात घ्या. खादी, धोतर, लुगडी, मजूर, शेतकरी. पुढं 'लेकिन' आणि 'लगान' या सिनेमांसाठी भानूताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यातला 'लगान' म्हणजे पाऊस न पडलेल्या गावातल्या माणसांचे धुळकट कपडे. मुमताजची नारिंगी साडी करणारी बाईच ते करत होती. शंभराहून जास्त सिनेमे केले त्यांनी.

त्या पुतळीचं पुढं काय झालं तेही ऐका. २०१२ साली भानूताईंनी ते ऑस्कर अमेरिकेला परत दिलं. रागाने नाही. आपल्यामागं इथं ते नीट जपलं जाईल का, याची त्यांना खात्री वाटेना, म्हणून ज्यांनी दिलं त्यांच्याकडंच ठेवायला दिलं. हे सांगितल्यावर आमच्या बैठकीत एक जण फट्कन म्हणाली, "एवढ्या मोठ्या देशात एका पुतळीला फळी मिळाली नाही?" आम्हाला याचं उत्तर आलं नाही.

पण त्यावरून आमच्या गोधड्यांचा विषय निघाला. दोन वर्षांपूर्वी शहरातला एक व्यापारी आमच्याकडून बारा गोधड्या घेऊन गेला, पाचशे रुपयाला एक. आम्ही खूश. मग एकीच्या भाच्याने मोबाइलवर दाखवलं, त्यातलीच एक गोधडी, तिच्या कोपऱ्यातलं हिरव्या इरकली काठाचं ठिगळ आम्ही ओळखलं, किंमत दोन हजार आठशे. खाली नाव त्याच्या दुकानाचं.

त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. जुनेरं घरची धरली तरी दोरा दीडशेचा, अस्तर अडीचशेचं, झाले चारशे. दुपारी भांडी झाल्यावर दोन तास, असे सव्वीस दिवस, म्हणजे बावन्न तास. आठ तासांचा रोज धरला तर साडेसहा रोज. खुरपायला गेलो तर तीनशे रोज मिळतो, म्हणजे साडेएकोणीसशे. दोन्ही मिळून दोन हजार साडेतीनशे. आम्ही विकली पाचशेला. चारशे खर्च वजा जाता साडेसहा दिवसांचे शंभर रुपये आले. आणि आम्ही खूश होतो.

व्यापाऱ्याला शिव्या द्यायच्या तेवढ्या दिल्या, पण त्याने किंमत लावली होती, आम्ही लावली नव्हती. त्याने नाव लावलं होतं, आम्ही लावलं नव्हतं. तेव्हापासून नियम केला, कोपऱ्यात करणारीचं नाव दोऱ्याने शिवल्याशिवाय गोधडी बाहेर जाणार नाही. मग प्रश्न आला की ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय. बँकेत अंगठा देतो तसा गोधडीवर कसा देणार? त्यावर मावशींनीच तोड काढली. त्यांनी कोपऱ्यात एक चिमणी शिवली. म्हणाल्या, ही माझी सही. आता एकीचा मोर आहे, एकीची विळी आहे, एकीने नुसते तीन टाके घातलेत, पण ते तीन टाके तिचेच, दुसरीला तसे जमत नाहीत. इतिवृत्ताच्या वहीत एका पानावर सगळ्यांच्या सह्या काढून ठेवल्यात, कुणाची कुठली ते.

मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात नऊ गोधड्या गेल्या, अठराशेच्या खाली एकही नाही. शाळेच्या बाई पोरांना रांगेने घेऊन आल्या. पुरुष संध्याकाळी आले, आधी दारातच उभे राहिले, मग एकेक आत. एका आजोबांनी एक गोधडी हाताने चाचपली आणि म्हणाले, हे पातळ आमच्या हिचं. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली. लेकीने आईची जुनेरं आमच्या गटातल्या एकीला दिली होती. ती गोधडी विकली नाही, आजोबांना घरी नेऊन दिली. त्यावर हिशेबवाल्या ताई थोड्या कुरकुरल्या, तेही सांगून टाकतो.

आता भांडणाचं. सदरा तयार झाला, चांगला झाला. ज्येष्ठात बैठक झाली तेव्हा त्या सुनेने विचारलं, यंदा मी गेले नाही तर चालेल का? इथं राहून सदरे शिवते. पण घरच्यांनी उचल आधीच घेतलेली, पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांची. ती राहिली तर अर्धा कोयता. अर्धी उचल मुकादमाला परत करावी लागणार, आणि ती दवाखान्यात खर्च झालेली. दोघी-तिघी म्हणाल्या, गटातून कर्ज द्या. बाकीच्या उसळल्या. "आपल्या बचतीच्या पैशाने मुकादमाची उचल फेडायची? आज हिची, उद्या सगळ्या येतील." दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आवाज चढले, एक जण उठून गेली, ती अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

शेवटी ठरलं असं. उचलीसाठी कर्ज नाही. कापडासाठी आणि पायमशिनला मोटार बसवण्यासाठी गटातून बारा हजार अंतर्गत कर्ज, हप्ता सदरे विकतील तसा. हा निर्णय बरोबर होता का, ते आम्हालाही अजून सांगता येत नाही. आम्ही समन्वयक म्हणून सह्या केल्या, पण त्या रात्री झोप लागली नाही. तिचा नवरा भला आहे. तो म्हणाला, दसऱ्यापर्यंत दोनशे सदऱ्यांची मागणी आली तर मी मुकादमाशी बोलतो, अर्धा कोयता करतो, फिटतील तसे फेडू. आज बोलायला बसलो तेव्हा वहीत एक्क्याऐंशी नावं होती.

सदऱ्याची किंमत साडेतीनशे आहे. कापड, दोरा, चेन, बटणं मिळून दोनशे दहा. शिलाईचे एकशे चाळीस. बाजारातला बाप्याचा शर्ट याहून स्वस्त मिळेल, आम्हाला माहीत आहे. दोघी मिळून घेतले तर सहाशे पन्नास. आगाऊ शंभर द्यायचे, बाकीचे पट्टा पडल्यावर दिले तरी चालतील, गावातल्याच आहात. पाजणाऱ्या बाईसाठीचा आणि साधा, असे दोन प्रकार आहेत, कुठला हवा ते सांगायचं. कॉलरच्या आत तिची सही असेल, एक छोटा कोयता, दोऱ्याचा.

शेजारच्या गावातल्या गटांनाही बोलावणं आहे. आपलं काम घेऊन या, भिंतीला जागा भरपूर आहे, सुतळी आणि चिमटे आम्ही देऊ. गोधडी असेल तर कोपऱ्यात आपली सही शिवून आणा, दर तुमचा तुम्ही ठरवून आणा, तिथं येऊन "किती लावू?" असं आम्हाला विचारायचं नाही. चित्रं काढणाऱ्या पोरी असतील तर त्यांच्या वह्या पाठवा, पाठकोरी पानं असली तरी चालतील.

चौथी माळ, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, ग्रामपंचायतीचं सभागृह. ती मशीन घेऊन तिथंच बसणार आहे, मापं घ्यायला. घाईत असाल तर मापाचा एखादा जुना झंपर पिशवीत टाकून आणा, लवकर मोकळ्या व्हाल. मुकादम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात येणार आहे.